दोन मोटरसायकली आणि एक नियम



यात्रेहून परत आल्यापासून बस्तीत भेटणारी प्रत्येक जण दोन प्रश्न विचारते. पहिला, ‘या वयात मोटरसायकलवर बसून गोमटेश्वराला गेलात?’ आणि दुसरा, जो मुख्यतः तुमच्या घरच्या मुलांनी विचारायला सांगितलेला असतो, ‘मग दोन्हींत गाडी कोणती चांगली?’ पहिल्याचं उत्तर सोपं आहे. बसले, उतरले, गुडघे शाबूत आहेत. दुसऱ्याला मात्र वेळ लागतो, म्हणून आज ते सविस्तर लिहिते.

आमच्याकडे हा प्रश्न हौसेचा नव्हता, नियमाचा होता. २०१२ च्या चातुर्मासात आम्ही दोघांनी मुनिमहाराजांसमोर परिग्रहपरिमाण घेतलं. घर, जमीन, सोनं, भांडी, माझ्या साड्या, ह्यांचे सदरे, सगळ्याची मर्यादा ह्यांनी आपल्या बँकेतल्या वळणदार अक्षरात वहीत लिहिली. त्यात एक ओळ आहे: वाहने – मोटार १, स्कूटर १, मोटरसायकल १. २०१८ मध्ये निवृत्तीनंतर ह्यांनी रॉयल एनफिल्डची हिमालयन घ्यायचं ठरवलं, तेव्हा जुनी मोटरसायकल आधी विकली, दोन दिवस घरात एकही मोटरसायकल नव्हती, आणि मग नवी आणली. इतकं ते काटेकोर होतं.

त्याच वर्षी फेब्रुवारीत श्रवणबेळगोळचा महामस्तकाभिषेक होता. बारा वर्षांनी येणारा. आम्ही संघाबरोबर बसने जाऊन आलो. परतताना हे म्हणाले, पुढच्या वेळी आपण दोघं आपल्या गाडीवर येऊ, मधली सगळी क्षेत्रं सावकाश करत. कुंभोजच्या बाहुबलीपर्यंत बऱ्याच वेळा गेलो, लांबची यात्रा राहिली. २०२१ मध्ये हे गेले. गाडी माझ्या नावावर झाली, मुलगा चालवू लागला.

दुसरी गाडी म्हणजे पुतण्याची. बजाजची डोमिनार ४००, २०२१ सालची. त्याला जर्मनीत नोकरी लागली आणि गाडी आमच्या अंगणात आली. सूनबाई ती चालवू लागली. तिचं कॉलेज बावीस किलोमीटरवर आहे, तिथं ती शिकवते. पुतण्याच्या नावावर आहे तोवर ती पाहुणी, असं मी सहा महिने धरलं. पण विम्याची मुदत संपत आली आणि पुतण्याचा फोन आला, “काकू, तुम्ही ठेवणार असाल तर कागद करून देतो, नाहीतर विकून टाका.” आता ठेवायची म्हणजे दुसरी जायला हवी. वहीतली ओळ दोघांनी मिळून घेतलेली होती. एक जण गेल्यावर दुसऱ्याचा नियम संपत नाही.

मुलगा म्हणाला, “आई, बाबांची गाडी आहे.” सून म्हणाली, “आई, तुम्ही ठरवा.” दोघांच्याही बोलण्यात पुढचं बरंच काही होतं. मी म्हटलं, आधी दोन्ही गाड्या घेऊन ह्यांची राहिलेली यात्रा करू. थोडा वेळ मी हिच्यावर बसेन, थोडा वेळ तिच्यावर. मग बोलू. मी बी.कॉम. झालेली बाई आहे. मोजल्याशिवाय मला ठरवता येत नाही.

गेल्या डिसेंबरात सात दिवस फिरलो. सांगलीहून मिरज, चिकोडी, बेळगाव, हुबळी, दावणगेरे, हिरियूर करत श्रवणबेळगोळ. तिथून हासन, सकलेशपूर, शिराडी घाट उतरून धर्मस्थळ. मग वेणूर, मूडबिद्री, कारकळ. तिथून उडुपी, समुद्राच्या कडेकडेने अंकोला, आणि अरबैल घाट चढून यल्लापूर, हुबळी, घर. मीटरवर १,४८७ किलोमीटर पडले. धर्मस्थळापर्यंत मी मुलाच्या मागे हिमालयनवर, पुढे घरापर्यंत सुनेच्या मागे डोमिनारवर.

निघण्याआधी चार गोष्टी ठरल्या होत्या. सूर्य उगवल्याशिवाय निघायचं नाही आणि मावळायच्या आत मुक्कामी जेवण उरकायचं. ताशी ऐंशीच्या वर काटा न्यायचा नाही. पाणी घरच्यासारखं गाळून, उकळून घेतलेलं. आणि अंगावर चामडं नाही. ही शेवटची गोष्ट वाटली त्यापेक्षा अवघड निघाली. जाळीचं कापडी जॅकेट मिळतं, बूटही मिळतात, पण हातमोज्यांच्या तळव्याला हमखास चामड्याचा तुकडा असतो. चार दुकानं फिरल्यावर पूर्ण कापडी मोजे मिळाले. कुणी घेणार असाल तर तळवा आणि अंगठ्याची आतली बाजू पाहून घ्या.

डब्यात दशम्या, मेतकूट, शेंगदाण्याची चटणी, डिंकाचे लाडू आणि आपला भडंग, अर्थात लसूण न घातलेला. हिमालयनच्या मागच्या कॅरिअरला ह्यांनी एक लोखंडी कडी जोडून घेतलेली आहे, पाण्याचा फिरकीचा तांब्या अडकवायला. तो तांब्या सातही दिवस तिथंच डुलत होता.

आता गाड्यांकडे येते.

दोन्हींना एकच सिलिंडर, दोन्ही चारशे सीसीच्या आसपास. हिमालयन ४११, डोमिनार ३७३. वजन दोघींचं दोनशे किलोच्या जवळपास. बसायची उंची कागदावर दोघींची ८०० मिलीमीटर. तरीही स्वभाव अगदी वेगळा. मुलानं मला समजावलं ते मी माझ्या भाषेत सांगते. हिमालयनचा पिस्टन ७८ मिलीमीटर रुंद आणि ८६ मिलीमीटर वरखाली जाणारा. डोमिनारचा ८९ रुंद आणि फक्त ६० वरखाली. म्हणजे पहिली खोल उखळात सावकाश मुसळ घालणारी बाई, दुसरी पसरट खलबत्त्यात भराभर कुटणारी. पहिलीचा प्रत्येक घाव जाणवतो आणि कमी वेगातही ती थकत नाही. दुसरीला वेग मिळाला की तिचं काम दिसतं. ताकद विचाराल तर पहिली चोवीस अश्वशक्तीच्या आसपास, दुसरी जवळजवळ चाळीस.

हे पहिल्याच तासात कळलं. डिसेंबर म्हणजे गळीत हंगाम. मिरजेपासून चिकोडीपर्यंत उसाच्या जोडट्रॉल्या. दोन ट्रॉल्या लावलेला ट्रॅक्टर म्हणजे रस्त्यावर चालणारं घर. त्याला ओलांडायचं तर समोरून येणारं वाहन पाहून, मधली मोकळी जागा साधून जावं लागतं. हिमालयन विचार करून जाते. मुलगा थांबायचा, गिअर उतरवायचा, पुरेसा रस्ता दिसला की निघायचा. डोमिनार आमच्या मागून यायची आणि सून मनगट थोडं वळवून ट्रॉल्यांच्या पुढे गेलेलीही असायची. मला पहिल्यांदा ती घाई वाटली. नंतर तिच्या मागे बसल्यावर समजलं, चुकीच्या बाजूला असण्याचा वेळ तिचा कमी होता. वेग तोच ऐंशीच्या आतला, पण तिथं पोचायला लागणारे सेकंद कमी. डोमिनार हा शब्द स्पॅनिश आहे, अर्थ वर्चस्व गाजवणे. हे ऐकून मी नाक मुरडलं होतं. पण ऐंशीची मर्यादा पाळणाऱ्या सुनेच्या हातात ती काही गाजवत नव्हती, वेळेवर बाजूला होत होती.

महामार्ग सोडून लहान रस्ता आला की हिशेब उलटतो. हिमालयनचं पुढचं चाक २१ इंची, डोमिनारचं १७. पुढचा शॉकॲब्सॉर्बर २०० मिलीमीटर दबतो, डोमिनारचा त्याहून बराच कमी. वेणूर ते मूडबिद्री हा झाडीतला रस्ता मी मुद्दाम दोन्हीवर निम्मा निम्मा केला. हिमालयनवर खड्डा आला हे मला मुलाच्या खांद्यावरून दिसायचं, डोमिनारवर ते माझ्या कमरेला कळायचं. साठी ओलांडलेल्या बाईच्या कण्याला यापेक्षा वेगळं परीक्षण नको. शिराडी घाट उतरतानाही हिमालयन इंजिनाच्याच जोरावर धडधडत, ब्रेक कमी लावत आली. अरबैल घाट चढताना सुनेला वळणावळणाला गिअर बदलावे लागले. मुलाची गाडी मागून एका सुरात चढत होती.

बसण्याचं म्हणाल तर हिमालयनची मागची गादी रुंद, दोन्ही बाजूंना धरायला कठडे, आणि पाठ सरळ राहते. डोमिनारला पुतण्यानं घेतलं तेव्हाच कंपनीचं प्रवासी सामान बसवून आलेलं होतं. पुढे उंच काच, मागे कॅरिअर आणि पाठीला टेकण. हे टेकण सपाट रस्त्यावर मोठं सुख आहे. उडुपीपासून अंकोल्यापर्यंत मी त्याला टेकून जाप केला. एका हातात माळ धरायची हिंमत हिमालयनवर मला झाली नव्हती, दोन्ही हात कठड्यावर होते.

चढण्या-उतरण्याची अडचण दोन्हीवर सारखीच. सामान मागे उंच बांधलेलं असतं, पाय टाकायचा कुठून? याचं उत्तर असं की चालवणाऱ्यानं गाडी स्टँड काढून घट्ट धरायची, आपण डाव्या पायदानावर उभं राहायचं, त्याच्या खांद्याला धरायचं आणि उजवा पाय वाकवून पुढून न्यायचा. सलवार-कमीज घाला, ओढणी घरी ठेवा. दर तासाला उतरून दहा मिनिटं चाला. गुडघ्यांचं सगळं रहस्य त्या दहा मिनिटांत आहे.

पेट्रोलची वही मीच सांभाळली. दोन्ही गाड्यांत निघताना टाकी भरलेली, घरी आल्यावर पुन्हा भरलेली. हिमालयननं ४८.२ लीटर घेतलं, म्हणजे लीटरला जवळजवळ ३१ किलोमीटर. डोमिनारनं ५४.१ लीटर, म्हणजे साडेसत्तावीस. टाकी हिची १५ लीटरची, तिची १३ ची. ऐंशीच्या आत चालवूनही इतका फरक. सगळ्या यात्रेत सहाशे रुपयांचा, पण सुनेच्या रोजच्या जाण्या-येण्याचा वर्षाचा हिशेब केला तर चार हजारांपर्यंत जातो.

आता पहिल्या दिवसाची गोष्ट सांगते, कारण माझा निर्णय तिथून सुरू झाला. राणेबेन्नूरच्या पुढे चार वाजता हिमालयनच्या मागच्या चाकात खिळा गेला. रस्त्यावर खिळा असला तर त्याला कुणी काय करावं? पण त्या चाकाला तारा आहेत आणि आत ट्यूब. म्हणजे पूर्ण चाक काढायचं, टायर उतरवायचा, ट्यूब ओढायची, ठिगळ लावायचं, परत सगळं चढवायचं. सून डोमिनारवर जाऊन पुढच्या गावातून पंक्चरवाल्याला घेऊन आली. भला माणूस, पण सामान उतरवण्यापासून नट आवळण्यापर्यंत दीड तास गेला. साडेपाच झाले. दावणगेरे अजून लांब. आम्ही तिथंच रस्त्याकडेला चादर टाकली आणि सूर्य डोळ्यांसमोर असताना दशम्या खाल्ल्या, पाणी प्यायलं, हात जोडले. नियम पाळला गेला.

पण जेवण झालं तरी जायचं होतंच. ते शेवटचे किलोमीटर तिन्हीसांजेला झाले. हेल्मेटच्या काचेवर किडे आपटत होते. एकेकाचा बारीक टक् असा आवाज यायचा. मुलानं वेग चाळीसवर आणला, तरी ते थांबलं नाही. दिव्याच्या उजेडाकडे ते येणारच. रात्री मुक्कामी काच पुसताना माझा हात चालेना. रात्री खायचं का नाही हे आपण लहानपणापासून शिकलो. रात्री उगाच फिरायचं का नाही, हे त्या काचेनं शिकवलं.

मुनिमहाराज चालतात तेव्हा ईर्यासमिती पाळतात, पुढची चार हात जमीन पाहून पाऊल टाकतात. मोटरसायकल ताशी ऐंशीनं सेकंदाला बावीस मीटर जाते. चार हात म्हणजे डोळ्याची पापणी लवायच्या आत संपलेली जमीन. आपण श्रावक, आपल्याकडून महाव्रताची अपेक्षा नाही. पण वाहन निवडताना ते किती वेगानं जातं यापेक्षा किती लवकर थांबतं हे विचारणं आपल्या हातात आहे. कुमट्याजवळ एक कुत्रं आडवं आलं. सुनेनं दोन्ही ब्रेक दाबले, गाडी सरळ रेषेत थांबली, कुत्रं आमच्याकडे रागानं बघून निघून गेलं. हिमालयनलाही चांगले ब्रेक आहेत, पण डोमिनारचे जास्त चावतात, हे मागे बसूनही समजतं.

श्रवणबेळगोळला आम्ही दोन रात्री राहिलो. विंध्यगिरीच्या सहाशेहून अधिक पायऱ्या अनवाणी, सकाळी दगड तापायच्या आत चढले. वर अठ्ठावन्न फुटांची ती मूर्ती, एका दगडातली, दहाव्या शतकात चामुंडरायानं घडवलेली. पायाशी आपल्या मराठीतला जुना शिलालेख. मुलं म्हणायला लागली की आम्ही दोन गाड्यांची झुंज लावली आहे, तेव्हा मला तिथंच हसू आलं. भरत आणि बाहुबली यांनीही सैन्य न लढवता तीनच स्पर्धा ठरवल्या होत्या. नजरेची, पाण्यातली आणि कुस्तीची. तिन्हींत बाहुबली जिंकला. आणि जिंकलेलं सोडून गेला. तिथं उभं राहिल्यावर कोण जिंकलं हा प्रश्न जरा लहान वाटू लागतो.

मी तिथं ह्यांच्याबद्दल विचार करत होते हे लपवत नाही. मुलाच्या मागे बसून हिमालयनच्या त्या ठोक्यांवर मला सवयीचं काहीतरी ऐकू येत होतं. कुंभोजला जाताना ह्यांच्या मागे बसून हाच आवाज ऐकलेला. तत्त्वार्थसूत्रात परिग्रहाची व्याख्या वस्तूवर केलेली नाही, ममत्वावर केली आहे. म्हणजे दोन गाड्या हा तर परिग्रह होताच, पण एकच ठेवून तिला ह्यांची समजून धरून बसणं हाही परिग्रहच. कुठली ठेवायची हे मोजताना मला हा काटा बाजूला ठेवावा लागणार होता, नाहीतर तराजू आधीच झुकलेला.

उडुपीला सकाळी डोमिनारच्या मागच्या टायरात खिळा दिसला. तिची चाकं अखंड धातूची, टायर ट्यूबलेस. हवा थोडीच उतरली होती. सूनबाईनं सामानातून एक छोटी पिशवी काढली. पक्कडीनं खिळा ओढला, सुयासारख्या हत्यारानं चिकट वात त्या भोकात घातली, वरचं टोक कापलं, छोट्या पंपानं हवा भरली. चाक काढलं नाही, कुणाला बोलावलं नाही. वीस मिनिटं. हात पुसत म्हणाली, “चला आई.” मुलगा शेजारी उभा होता, त्याला मदत करायला काही उरलंच नाही.

माझ्या डोळ्यांसमोर तिचा रोजचा रस्ता आला. कॉलेज सुटतं साडेचार-पाचला. हिवाळ्यात सूर्य सहाच्या सुमाराला मावळतो. घरी येऊन आमच्यात बसून जेवते, हा तिनं लग्नानंतर आपणहून घेतलेला नियम. वाटेत चाक बसलं आणि ट्यूब असली, तर ती दीड तास रस्त्यावर एकटी, अंधारात, उपाशी. उसाच्या ट्रॉल्याही तिच्याच रस्त्यावर, वर्षातले चार-पाच महिने.

घरी आल्यावर मी वहीत दोन खाती मांडली. हिमालयनच्या बाजूला कण्याचं सुख, लहान रस्ते, घाट, पेट्रोल, मोठी टाकी. डोमिनारच्या बाजूला ओलांडणं, थांबणं, टेकण, पंक्चर. नुसत्या नोंदी मोजल्या तर हिमालयन पुढे जाते, आणि फक्त यात्रेसाठी गाडी घ्यायची असेल तर मी आजही हिमालयनच सांगेन. ज्यांच्या मुलांनी विचारलंय त्यांना हेच कळवा. लांबचा प्रवास, बारके रस्ते, मागे आई बसलेली, घाई नाही, तर ती गाडी. महामार्ग जास्त, एकट्यानं जाणं-येणं, वेळेचं बंधन, तर डोमिनार.

पण जमा-खर्चात नोंद किती वेळा होते हेही धरावं लागतं. मी मागे बसणार वर्षातून फार तर दहा दिवस. मुलगा रोज मोटारीनं जातो, मोटरसायकल त्याची रविवारची. सून दोनशे वीस दिवस चालवते. माझ्या कमरेचे दहा दिवस एका पारड्यात आणि तिच्या संध्याकाळचे दोनशे वीस दुसऱ्यात.

मुलानं शेवटचा प्रयत्न केला. “आई, तारांच्या चाकालाही आतून सील करून ट्यूबलेस करता येतं.” येतं, मी विचारून खात्री केली. मी म्हटलं, “मग ट्रॉल्यांचं काय करायचं? आणि रोज चालवणारीला काय हवंय ते तू विचारलंस का?” तो गप्प बसला. मग त्यानं विचारलं. ती म्हणाली, “मला डोमिनारच बरी वाटते. पण बाबांची गाडी जावी असं मला वाटत नाही.” एवढंच. मुलगा म्हणाला, “बाबांनीसुद्धा नवी आणायच्या आधी जुनी विकली होती.” मला जे सांगायला जड जात होतं ते त्यानंच सांगून टाकलं.

किंमत ठरवताना घसारा लावला. सात वर्षांची गाडी, एक लाख पाच हजार आले. पुतण्याला द्यायचे होते एक लाख चाळीस. वरचे पस्तीस हजार सुनेनं आपल्या पगारातून घातले, मी घालत होते तर नको म्हणाली. गाडी तिच्या नावावर होणार असेल तर पैसे तिचे असावेत, हे तिचं म्हणणं मला कॉमर्सच्या दृष्टीनंही पटलं. क्रम मात्र ह्यांचाच ठेवला. आधी हिमालयनचे २९ आणि ३० नंबरचे फॉर्म भरून माझी सही झाली, ती गेली, आणि मग पुतण्याचे कागद आले. मधले चार दिवस सून बसनं कॉलेजला गेली.

घेणारा शिराळ्याकडचा तरुण पशुवैद्य. डोंगरातल्या वस्त्यांवर गाई-म्हशी तपासायला जातो, रात्री-अपरात्री नाही जमलं तर पहाटे. मोठं चाक, दबणारे शॉकॲब्सॉर्बर, कच्चा रस्ता, तिला याहून योग्य काम मिळालं नसतं. त्यानं गाडी फिरवून पाहिली, चाकाच्या तारा हातानं वाजवून पाहिल्या, मग मागे येऊन विचारलं, “काकू, ही कडी कशाची? काढून देऊ का?”

मी म्हटलं, “पाण्याचा तांब्या अडकवायची आहे. राहू दे, उन्हातान्हात फिरतोस, उपयोगी पडेल.”

आता डोमिनारच्या कॅरिअरला तशीच एक कडी लावून घ्यायची आहे. वेल्डिंगवाला म्हणतो, त्या नळीला जोड नीट बसणार नाही, पट्टी वाकवून बोल्ट घालावा लागेल. सूनबाईनं माप घेऊन दिलं आहे. पुढच्या हिवाळ्यात कुंथलगिरीला जायचं ठरतंय, त्याआधी ते काम व्हायला हवं.